बासष्ट किलोचा पाहुणा

माझी खोली गेली ती एका वाक्यात गेली. शनिवारी संध्याकाळी आप्पा क्लबातून आले, दारातच बुटांवरचा बर्फ झटकला आणि आईला म्हणाले, "पैलवान येतोय. कुंदीची खोली मोकळी कर." मला विचारणं दूरच, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी टेबलाशी बसले होते, अभ्यासाच्या पुस्तकात खुनाची कादंबरी लपवून. ग्लासगोतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये खोल्या तीन, माणसं चार, आणि त्यातली सगळ्यांत लहान, सगळ्यांत गार, खिडकीच्या फटीतून वारा शिट्ट्या घालणारी खोली मी दोन वर्षं भांडून मिळवली होती. एकोणीस वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. तेव्हाचा माझा एक फोटो आहे. केस एका डोळ्यावर ओढलेले, गाल आत घेतलेले, सगळ्या जगाचं गुपित जणू हिलाच ठाऊक. आता तो बघितला की वाटतं, हिच्या एक ठेवून द्यावी.

आप्पा सांगलीकडच्या एका खेड्यातल्या तालमीत वाढलेले. ग्लासगोत ते बसडेपोत इंजिनं दुरुस्त करायचे, पण जीव सगळा शनिवारच्या कुस्तीत. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये गाद्या अंथरून आठ-दहा स्कॉटिश पोरं झोंबायची, त्यांत माझा भाऊ वसंत, म्हणजे दादा, आणि कडेला हाताची घडी घालून आप्पा, कुणी न मागितलेले सल्ले मराठीत देणारे. दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. अंगाने काडी, स्वभावाने गरीब. फार्मसी शिकत होता आणि आप्पांच्या धाकाने कुस्ती खेळत होता. बासष्ट किलोच्या गटात बसायला इतर पोरं उपाशी राहायची. दादाचं वजन साठाच्या वर जाता जात नसे, म्हणून स्पर्धा आली की आई त्याला तूपभात खायला घालायची. आप्पांना तर वजनकाटा हा प्रकारच मान्य नव्हता. त्यांच्या गावाला जोड डोळ्यांनी लावायचे. "पैलवान आणि उपाशी?" ते हसायचे. "मग त्यो पैलवान कशाचा, कारकून म्हणा की."

त्या हिवाळ्यात शहरात परदेशी संघांची फ्रीस्टाइल स्पर्धा भरायची होती, आणि यजमान म्हणून क्लबाच्या पोरांनाही तीत जागा होती, बासष्टात दादाला. फ्रीस्टाइल म्हणजे आप्पांच्या भाषेत आपलीच कुस्ती, फक्त खालची माती काढून घेतलेली. आयोजकांना सगळ्यांची हॉटेलात सोय करणं परवडेना, म्हणून पैलवान घराघरांत वाटायचे ठरले. क्लबाचा सेक्रेटरी, लालबुंद मानेचा गृहस्थ, आप्पांना म्हणाला, "कोरियाचा एक उरलाय. तुम्ही एशियन, तोही एशियन. तुम्हीसुद्धा भातच खाता, नाही का?" हा अपमान आहे हे मला आणि दादाला ताबडतोब कळलं. आप्पांना तो बहुमान वाटला. आठवडाभर ते डेपोत सांगत होते की सगळ्या शहरातून आमचंच घर निवडलं.

चोई आला तो एक बॅग आणि एक कोच घेऊन. वय तेवीस, मान जवळजवळ नाहीच, कान चुरगळून परत चिकटवल्यासारखे. दारातच तो आईपुढे कमरेतून इतका वाकला की आईला वाटलं त्याचं काही खाली पडलं. तीही वाकून शोधायला लागली. कोच मात्र बोलका होता, इंग्रजी मोडकं पण खणखणीत. त्याची स्वतःची सोय स्टेशनजवळच्या बोर्डिंगात होती. चहा घेता घेता त्याला कळलं की या घरात इंग्रजी धड बोलणारी, दादा कॉलेजात असताना, मी एकटी. आप्पांचं इंग्रजी इंजिनापुरतं, आईचं दुकानापुरतं. तेव्हा तो माझ्याकडे वळला आणि त्याने मला चोईची सगळी कथा सांगितली. तीन देशांत तीन मोठ्या स्पर्धा खेळला, तिन्ही वेळा चौथा आला. चौथ्याला काही मिळत नाही, टाळ्यासुद्धा तिसऱ्यापर्यंतच वाजतात. इथे पहिल्या तिघांत आला तर पुढच्या मोठ्या स्पर्धेच्या संघात घेतील. नाही आला तर सरळ लष्करात, आणि तिथून सुटेपर्यंत कुस्तीचं वय निघून गेलेलं. "ही शेवटची," कोच म्हणाला. चोई शेजारी गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे त्याला कळत होतं, कारण तो खाली बघत होता.

मग कोचने निरोप दिला. "तो आत्ता चौसष्ट किलो आहे. बासष्ट व्हायला हवा. तो होईल, त्याला सवय आहे. पण मीठ कमी, भात मूठभर, गोड अजिबात नाही. शेवटचे दोन दिवस फक्त अंडं आणि चहा. तुमच्या आईंना नीट सांगा. मोठ्या बाईने आपल्या हाताने वाढलं तर आमच्या मुलांना नाही म्हणता येत नाही, म्हणून आधीच सांगतोय."

मी म्हटलं, सांगते. आणि त्या क्षणी खरोखरच सांगणार होते. हे माझ्या बाजूने जेवढं म्हणता येईल तेवढं म्हणून घेते, कारण पुढे म्हणण्यासारखं काही नाही.

पहाटे सहाला दोरीवरच्या उड्या सुरू व्हायच्या. माझ्या खोलीत, माझ्या पलंगाशेजारी, टप टप टप टप, आणि खालच्या मजल्यावरची म्हातारी झाडूच्या दांड्याने छत ठोकायची, धप्प, धप्प. या ठेक्यावर आई उपम्याला फोडणी द्यायची. मी बाहेरच्या खोलीत, पाय सोफ्याच्या हातावरून लोंबकळत, डोक्यावर उशी. उड्या झाल्या की पैलवान स्वयंपाकघरात येऊन बसायचा आणि च्युइंगगम चघळत बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात थुंकायचा. अंगातलं पाणी कमी करायची ती त्यांची रीत. मला शिसारी यायची. आप्पांना तेही कौतुकाचं. ते स्वतः, ज्यांनी जन्मात कधी कप विसळला नाही, ते बदाम भिजत घालायचे, सोलायचे, वाटून दुधात कालवायचे आणि दोन्ही हातांनी पैलवानापुढे धरायचे. दादाला त्यांनी कधी पैलवान म्हटलं नव्हतं. वसंता म्हणायचे, फार तर वश्या.

त्याचे खांदे मात्र... असो. माझ्या नातीही हे वाचणार आहेत.

खरा भडका उडाला तो बुधवारी. संध्याकाळी जेवणाआधी आप्पांनी बाहेरच्या खोलीतलं टेबल सरकवलं आणि दादाला म्हणाले, "उतर गालिच्यावर. जरा हात लाव पैलवानाला, शिकशील काहीतरी." दादा नको म्हणत होता. चोईसुद्धा हात हलवून नको म्हणत होता. आप्पा ऐकतात कुठले! चार वेळा दादा खाली गेला. चारही वेळा चोईने त्याला उचलून उभं केलं आणि कमरेतून वाकला, माफी मागितल्यासारखा, आणि दर वेळच्या त्या वाकण्याने मला दुप्पट संताप आला. एवढी सभ्यता मला थोबाडीत मारल्यासारखी वाटली. आप्पा मांडीवर थापा मारून हसत होते. "बघ, बघ वश्या, ह्याला म्हणत्यात पैलवान! तुला दूध पाजलं ते समदं नासलं रे." दादा बाथरूममध्ये गेला. नळ सुरू झाला तो बराच वेळ सुरूच राहिला.

मी स्वयंपाकघरात गेले. आई पोळ्या लाटत होती.

"आई, कोच काय म्हणाला सांगायचं राहिलं."

"काय गं?"

"म्हणाला, मुलगा फार लाजरा आहे, त्याला भरपूर वाढा. त्यांच्याकडे तीनदा नाही म्हणायची पद्धत असते. तेव्हा त्याचं नाही ऐकू नका."

"अगो बाई! आणि मी चार दिवस ऐकत बसले. उपाशी उठत असेल बिचारा." आईचे डोळे खरंच भरून आले.

मग मी चोईकडे गेले. त्याच्याकडे इंग्रजी-कोरियन शब्दांचं छोटं पुस्तक होतं. त्यातला 'आई' हा शब्द दाखवला, 'ताट' दाखवलं, 'रडणे' दाखवलं. ताटात टाकलंस तर आई रडेल. त्याने पुस्तक बंद केलं आणि गंभीरपणे मान हलवली.

आता, आपल्या घरांत जेवण थांबवायची खूण काय, हे आपल्याला जन्मापासून ठाऊक असतं. ताटावर आडवा हात धरायचा आणि वर "नको, खरंच नको" म्हणायचं. वाढणारी तरीही एक पळी हातावर सांडायच्या बेताला येते, पण हात हलला नाही तर थांबते. चोईला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या घरी ताट चाटून पुसून लख्ख करणं म्हणजे वाढणाऱ्या बाईचा मान. आणि आईच्या दृष्टीने लख्ख ताट म्हणजे अजून भूक आहे. तो पुसायचा, ती वाढायची. ती वाढायची, तो पुसायचा. मी समोर बसून वरणभात कालवत हे बघत होते, आणि माझ्या मते मी त्या वेळी आयुष्यातली सगळ्यांत चतुर गोष्ट करत होते. जेवण झालं की तो गुपचूप जिना उतरायचा आणि बर्फात टेकडीपर्यंत धावून यायचा. परत आला की भुवयांवर बर्फ जमलेला असायचा. मी दार उघडायचे, बाजूला व्हायचे, आणि लागलीच दार लावून घ्यायचे.

माझी मोठी नात लंडनला ईलिंगच्या जिममध्ये जाते आणि चॉकलेटच्या चवीची पांढरी पूड पाण्यात ढवळून पिते. तिला हे सगळं मागच्या महिन्यात सांगितलं. ती म्हणाली, "आजी, तू इतका मीन होता?" मी म्हटलं, होते गं. तिने विचारलं, "बट व्हाय? ही वॉज नाइस." याच कारणासाठी, हे तिला मराठीत समजावता आलं नाही आणि इंग्रजीत तर मुळीच नाही.

शुक्रवारी आईने सत्यनारायण घातला होता. दादाला यश मिळावं म्हणून तिने तो बोललेला होता. शनिवारी सकाळी वजन, त्यानंतर कुस्त्या, म्हणून पूजा आदल्या दिवशी दुपारची. शहरातली तीन मराठी डॉक्टर कुटुंबं आली, बायकांनी ठेवणीतल्या पैठण्या नेसून वर ओव्हरकोट घातलेले. गुरुजी नव्हते, पोथी आप्पांनी वाचली, बसच्या कंडक्टरने थांबे पुकारावेत तशी. चोई आंघोळ करून, केस चापून बसवून, पहिल्या रांगेत मांडी घालून बसला तो दोन तास हलला नाही. त्यांचे डॉक्टर नवरे पाय लांब करत होते, बैठक बदलत होते, आणि हा ताठ. बायका एकमेकींना दाखवत होत्या. "बघा हो, किती संस्कार!"

शिऱ्याचा रवा मीच भाजला. सव्वाच्या मापाने सगळं, रवा तेवढी साखर, साखर तेवढं तूप, वर केळी. तूप सुटलेला तो गोळा मी चोईच्या तळहातावर ठेवला, नेहमीच्या दुप्पट. तो प्रसाद आहे, देवाचा आहे, टाकायचा नसतो, हे मी त्याला खुणेने सांगितलं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. मग जमिनीवर पंगत बसली. मसालेभात, पुऱ्या, बटाट्याची भाजी, पापड, लिंबाचं लोणचं आणि आईने दोन दिवस चक्का टांगून केलेलं श्रीखंड. एकट्या आईचा आग्रह असता तरी गोष्ट वेगळी. इथे चार बायका. "घे रे बाळा, उद्या कुस्ती आहे." "माझ्या हातची एक पुरी, एकच." "अहो, तो संकोच करतोय, वाढा तुम्ही." चोईच्या कपाळावर घाम आला होता. श्रीखंडाची तिसरी वाटी ताटात पडली तेव्हा त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. काही विचारलं नाही, नुसतं बघितलं. या घरात त्याच्याशी बोलणारी मीच होते ना.

मी मान डोलावली. खा.

चारला अंधार पडला आणि त्या अंधारातून कोच आला, काखेत न्हाणीघरात ठेवतात तसला वजनकाटा घेऊन. पाहुण्यांचे डबे भरणं चाललं होतं. कोचने काटा बाहेरच्या खोलीत, पाटाशेजारी ठेवला आणि चोईकडे बघितलं. चोई चढला. काटा थरथरत चौसष्ट ओलांडून आणखी वर जाऊन थांबला. डॉक्टरांपैकी एकजण गमतीने "वा!" म्हणाला. कोचने चोईच्या तोंडात मारली. हात पूर्ण उघडा, आवाज भांडं पडल्यासारखा. बायकांनी पदर तोंडाला लावले. आप्पा तेवढे समजूतदारपणे मान हलवत होते, त्यांच्या वस्तादानेही त्यांना असंच मारलं होतं आणि त्यात वाईट काय हे त्यांना कधी कळलं नाही.

कोच माझ्याकडे वळला. "तुम्ही आईंना सांगितलं होतं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आई तर हसून बघत होती, तिला इंग्रजी कळत नव्हतं आणि तिच्या हातात कोचसाठी आणलेली प्रसादाची वाटी होती. आजही मला ती वाटी दिसते, स्टीलची, कडेला जरा चेपलेली.

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "पण आई ऐकत नाही. आमच्यात पाहुण्याला उपाशी ठेवत नाहीत."

कोचने आईकडे बघितलं. आईने वाटी पुढे केली, "घ्या हो, देवाचा प्रसाद." आणि त्या माणसाने, ज्याच्या पोराचं वाटोळं याच शिऱ्याने झालं होतं, दोन्ही हात पुढे करून वाटी घेतली, वाकला, आणि उभ्या उभ्या सगळा शिरा संपवला. खाताना त्याचा जबडा हलत होता तो शिव्या गिळल्यासारखा. चोईने माझ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. शब्दांचं पुस्तक त्याच्या खिशातच होतं, ती तीन पानं त्याला दाखवता आली असती.

मग आमच्या बाथरूमची भट्टी झाली. गॅसच्या चारी शेगड्यांवर पातेली, टबात कढत पाणी, दाराखाली टॉवेल. लाँड्रीतून कपडे येतात ती प्लॅस्टिकं चोईच्या अंगाला गुंडाळली, वर दोन स्वेटर, वर आप्पांचा डेपोचा जाड कोट, आणि आत त्या वाफेत त्याच्या उड्या. टप टप टप. पडला की कोच उठवायचा. आई दाराबाहेर उभी राहून रडकुंडीला आलेली. "अहो, काय चाललंय हे? जेवलेल्या पोराला असं कुणी उकडतं का?" तेव्हा दादाने, नुकत्याच कॉलेजातून आलेल्या दादाने, तिला वजनाचं गणित समजावून सांगितलं. ती ऐकत राहिली आणि माझ्याकडे वळली.

"कुंदे, तो कोच तुला खरंच म्हणाला होता, भरपूर वाढा म्हणून?"

"हो."

"देवाशपथ?"

"आई, मला अभ्यास आहे," मी म्हटलं.

सकाळी हॉलमध्ये वजनाच्या खोलीत बायकांना मज्जाव होता. मी आणि आई बाहेर बाकावर. चोई आत गेला तेव्हा त्याचे ओठ फुटले होते, डोळे खोल गेले होते, गाल माझ्या त्या फोटोतल्यासारखे आत. फक्त त्याने ते मुद्दाम ओढले नव्हते. दहा मिनिटांनी आप्पा नाचत बाहेर आले. "बसला! अंगावर सूतबी नव्हतं, पण बसला बासष्टात!" आईने डोळे मिटून हात जोडले. आणि मला, खरं तेच लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहिते, मला राग आला. एवढं करून हा बसलाच. मी हिशेब असा केला होता की तो काट्यावरच बाद होईल, कुस्तीपर्यंत गोष्ट जाणारच नाही. माणूस आपल्या अंगातून एका रात्रीत इतकं काही काढून टाकू शकतो, आणि तरी दुसऱ्या दिवशी उभा राहतो, हे कादंबऱ्यांत लिहिलेलं नव्हतं.

मग चिठ्ठ्या निघाल्या. पहिलीच कुस्ती, चोई विरुद्ध दादा.

पहिली तीन मिनिटं दादा गादीवर नुसता सरपटत होता. चोई गुणांनी इतका पुढे गेला की बाजूचे स्कॉटिश लोक आमच्याकडे दयेने बघायला लागले. आप्पा डोकं धरून बसलेले. दुसऱ्या फेरीला चोई उठला तो हळू उठला. त्याचा उजवा पाय कुठेतरी अडकल्यासारखा मागे राहत होता. दादा त्याच्याभोवती फिरला, खाली बसला, पायाला मिठी मारली आणि पट काढला. चोई पडला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडून आवाज ऐकला. ओरडणं नव्हतं ते. एखादं जड कपाट सरकवताना फरशीवर होतो तसा आवाज. पंचाने गादीवर हात आपटला. आप्पा खुर्चीवर चढून बोंबलत होते, "चीतपट! चीतपट! माझ्या पोरानं कोरियाचा पैलवान चीत केला!" मीही ओरडत होते. आई ओरडत नव्हती.

दादा उठला, त्याने चोईला हात दिला नाही, आणि सरळ चालत कपडे बदलायच्या खोलीत गेला. दुपारी चोई दुसरी कुस्ती हरला. दोन हार म्हणजे बाहेर. दादाही पुढच्याच फेरीत पडला, पण त्याचं कुणाला काय? आप्पांनी ती एक कुस्ती पुढे मरेपर्यंत सांगितली. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात नर्सना सांगत होते, मराठीत.

रविवारी चोईचं आमच्याकडचं शेवटचं जेवण. आता वजनाची भीती नव्हती, आता तो हवं ते खाऊ शकत होता. आईने पुरणपोळ्या केल्या होत्या, बहुतेक भरपाई म्हणून. पहिली पोळी त्याने खाल्ली. आई दुसरी घेऊन आली, आणि चोईने ताटावर आडवा हात धरला. पंजा सपाट, बोटं जुळवलेली. आई म्हणाली, "एकच रे." हात हलला नाही. तुपाची धार हातावर येईल इतकी जवळ आली, तरी हलला नाही. आईकडे तो बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता. इतकं सरळ माझ्याकडे त्याआधी कुणी बघितलं नव्हतं आणि नंतर फारसं कुणी बघितलं नाही. माझ्या नवऱ्यानेही नाही, आणि तो चांगला माणूस होता. मी पाणी आणायला म्हणून उठले ती तो जाईपर्यंत परत आले नाही.

वसंत ऋतूत कोचचं पत्र आलं, टाइप केलेलं, अतिशय सभ्य. चोईची संघात निवड झाली नाही. तो लष्करात गेला. तुमच्या आईंच्या पाहुणचाराबद्दल तो कृतज्ञ आहे आणि त्यांना नमस्कार सांगतो. आई पोळपाट बाजूला ठेवून समोर येऊन बसली. "वाच ना. काय म्हणतोय?" मी वाचून दाखवलं. म्हटलं, निवड झाली. पहिल्या झटक्यात. आईने देवापुढे साखर ठेवली, खालच्या म्हातारीलासुद्धा नेऊन दिली, आणि पुढे कित्येक वर्षं कुठे कुस्तीची बातमी आली की म्हणायची, "आपला चोई असेल त्यात." मी म्हणायचे, असेल. ते पत्र मी नंतर फाडलं. दयेने नाही. दादा वाचेल म्हणून.

हे प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा वाटलं, आता तरी दादाला सांगावं. दादा अजून ग्लासगोतच असतो. मागच्या रविवारी फोन केला आणि निरोप, शिरा, पत्र, सगळं एका दमात सांगून टाकलं. मग वाटलं, हा झोपला.

"दादा? ऐकतोयस ना?"

"ऐकतोय. काही नवीन सांगितलं नाहीस."

"म्हणजे? तुला माहीत होतं?"

"तू काय केलंस ते नव्हतं माहीत. तो सुका होता ते माहीत होतं. पहिल्याच पकडीत कळतं गं. घामच नव्हता अंगावर. कातडी कागदासारखी."

"मग?"

"मग काय? दुसऱ्या फेरीला त्याच्या उजव्या पायात पेटका आला. पोटरीचा गोळा वर चढलेला मला दिसत होता, हाताएवढ्या अंतरावर. डावा पाय जवळ होता, सोपा होता. मी उजवा धरला. आणि धरल्यावर पिरगाळला. तुला काय वाटलं, तुझ्या शिऱ्याने हरला तो?"

मी मूर्खासारखं विचारलं, "आप्पांसाठी केलंस?"

"नाही," दादा म्हणाला. "चार वेळा मला उचलून उभं केलं होतं ना त्याने."

मग मी त्याला सांगितलं की मी हे लिहिते आहे. तो म्हणाला, "तुझं लिही. माझं मी मेल्यावर लिही." दादा पंचाहत्तरीचा आहे, दात सगळे स्वतःचे आहेत आणि रोज सकाळी तीन मैल चालतो. इतका धीर मला धरवला नाही.